पाहुणी

दालनात कुणी खोकतही नव्हतं. यंत्राचा हात काठोकाठ भरलेला पेला घेऊन अधांतरी गोठला होता आणि गिऱ्हाइकांसमोर प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या, कंपनीच्या मालकांच्या भाच्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तो हात घडवणारी, शिकता शिकता इथे इंटर्नशिप करणारी परदेशी विद्यार्थिनी दाराशी उभी होती. भाच्याला तिची जागा मिळावी म्हणून मालकांनी तिच्या वर्क परमिटच्या मुदतवाढीवर सही टाळली. परमिट काल संपलं. सकाळी ती ओळखपत्र परत द्यायला आली, तेव्हा मालक हसून म्हणाले होते, "कायदा म्हणजे कायदा, पोरी! आता तू पाहुणी. कशालाही हात लावायचा नाही."

आता तेच तिच्या कानाशी कुजबुजले, "अगं, लेकीसारखी तू मला. एकदाच हात लाव ना!"



तिने दोन्ही हात पाठीशी बांधले, अधांतरी पेला डोळे भरून पाहिला आणि पाहुणीच्या अदबीने ती निघून गेली.