अंगणातली दोरी

लंकाबाई खुर्चीत टेकायला तयार नव्हती. खाजेनं तिला बसवतच नव्हतं. जवळचा घोडेगावचा दवाखाना सोडून, एसट्या बदलत ती थेट कळंबला आली होती, कारण इथं तिच्या गावचं, आहुप्याचं माणूस भेटायची भीती नव्हती. आधी म्हणाली गुडघा दुखतो, मग म्हणाली पित्त होतं. डॉक्टर वैजयंती तिच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी दोन्ही दुखणी ऐकून घेतली, दाराला कडी घातली आणि म्हणाल्या, "मावशी, आता खरं सांगा."

मग काय, बांधच फुटला. पाऊस लागल्यापासून खाली खाज, आग, दह्यासारखं पांढरं जाणं. साबणानं घासून झालं, तुरटीचं पाणी झालं, निंबाचा पाला उकळून झाला. जितकं धुवावं तितकं दुखणं चवताळत होतं.

"मालक जाऊन लई वर्सं झाली," ती फरशीकडं बघत म्हणाली. "तवापासून कुणा बाप्याच्या सावलीलाबी उभी राह्यले नाय. मंग हे मला कसं झालं?"

हा प्रश्न उराशी घेऊन बाईनं अख्खा पावसाळा काढला होता. विचारायचं तरी कुणाला? असलं दुखणं कळलं की लोक आधी पुरुषाचं नाव शोधतात, औषध नंतर.

डॉक्टरांनी नीट तपासलं. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर बघितली, ती भलतीच वाढलेली निघाली. मग त्यांनी सावकाश समजावलं. ही एक बुरशी. धडधाकट बाईच्या अंगातही ती थोडीफार असते. साखर वाढली, ओल राहिली की माजते. पुरुषाचा काही संबंध लागत नाही. आत ठेवायच्या गोळ्या दिल्या, मलम दिलं, साखरेचं औषध सुरू केलं. तिथं साबण लावायचा नाही, कपडे सुती आणि कोरडे हवेत, असं बजावून त्यांनी विचारलं, "आतले कपडे कुठं वाळत घालता?"

न्हाणीमागं, लुगड्याच्या खाली. ते कुणाच्या नजरेला पडू नयेत, ही सासूची शिकवण. सासू गेली तरी लंकाबाईनं ती सोडली नव्हती. पावसात तर ते कधी वाळतच नसत, तसेच दमट अंगावर चढत.

"घरी कोण कोण असतं?"

"मीच." पोरगा-सून चाकणला होते. शेजारच्या घरालाही कुलूप होतं.

"मग लपवता कुणापासून?"

लंकाबाईनं गोळ्या-मलम पिशवीत घातलं आणि परतीची एसटी धरली.

औषधानं गुण आला. आग थांबली, झोप लागू लागली, आणि आपण काही पाप केलेलं नाही हे कळून मनावरचं ओझं उतरलं. एका लख्ख सकाळी तिनं आतले कपडे धुतले आणि मनाचा हिय्या करून अंगणातल्या दोरीवर टाकले. वर लुगडं नाही, काही नाही. भर उन्हात, रस्त्याच्या समोर.

मग ती नाचणी निवडायचं निमित्त करून उंबऱ्यात बसली. सगळा जीव रस्त्याकडं. कुणाची चाहूल लागली की धावत जाऊन ओढून आणायचे, असं ठरवलं होतं. ऊन चढलं. एसटी आली, वळली, रिकामीच खाली उतरून गेली. कपडे केव्हाच कडक वाळले.

तरी तिनं ते काढले नाहीत. दिवस कलेपर्यंत ती तशीच बसून राहिली. कुणीतरी यावं असं तिला फार वाटत होतं. निदान लाजायला तरी.