झेंडा वर

क्लब व्हॉलीबॉलमध्ये सामना हरलात तरी घरी जाता येत नाही. पुढच्या सामन्यात रेषेवर झेंडा धरून उभं राहावं लागतं. अमेरिकेतल्या ओमाहा शहरात मी अशीच उभी, खेळायला नेमकी डेलेनी! आम्हा दोघींना एकाच कॉलेजच्या संघातली एकच जागा हवी, आणि तिथल्या कोचबाई मागेच बसलेल्या. शेवटच्या गुणाला डेलेनीने चेंडू असा हाणला की हॉल दणाणला. पडला मात्र बोटभर बाहेर. मी झेंडा वर केला, म्हणजे चेंडू बाहेर. "वा गं शहाणे! माझ्या पोरीची जागा लाटतेस?" तिची आई किंचाळली. हॉलभर संशयी नजरा माझ्यावर. 'आत' म्हटलं असतं तर कोचबाईंसमोर किती गुणी, उदार दिसले असते मी! पंचांनी विचारलं, "नक्की?" "नक्की." डेलेनी तरातरा आली, माझ्याकडे रोखून बघत राहिली, मग आईवर ओरडली, "मम्मी, खाली बस! लबाड असती तर चांगलं दिसायला 'आत' म्हणाली असती."