नाकावर बसतो का बघा

"कुणाचा विश्वास बसायचा नाही सूनबाई, पण अख्ख्या गावाचे डोळे आले, एक या म्हाताऱ्याचे सोडून!" काळा चष्मा लावलेले चष्मेवाले आजोबा बाळंतिणीच्या खोलीच्या दारातूनच म्हणाले. नव्या नातीला एकदा मांडीवर घ्यायला मिळावं, म्हणून ही सगळी खटपट.

सुनेने बाळाला जवळ ओढलं. "तुमचेच कसे नाही आले?"

"रोगालासुद्धा माझा कंटाळा येत असणार. आधी पोस्टमनचे आले, मागोमाग तो जातो त्या सगळ्या गल्ल्यांचे, मग शाळाच्या शाळा लाल. शेवटी तर चौकातला पुतळा डोळे चोळताना लोकांनी पाहिला!"

सून खुदकन हसली. आजोबांना चेव चढला, एक पाऊल आत पडलं. "आणि आपल्या चष्म्याच्या दुकानात काय झुंबड म्हणून सांगू! जो तो काळा चष्मा मागतोय. मीही आळस केला नाही. प्रत्येकाला आधी माझ्या डोळ्यांवरचा काढून घालून दाखवला, नाकावर बसतो का ते. पोस्टमन तर पहिलं गिऱ्हाईक, डोळे यायच्या आदल्याच दिवशी आलेला!"

कोपऱ्यात दुपट्यांच्या घड्या घालणाऱ्या आजींचा हात थांबला.

"म्हणजे डोळे आधी तुमचे आले, आणि मग तुम्ही ते गावभर वाटलेत. थापा पुरे, मागे व्हा! त्या पुतळ्यालाही तुम्हीच चष्मा घालून पाहिला असणार."