रुमालातलं चुंबक

मक्याच्या कोठारातली धूळ. चार बसके टायर. सीटमध्ये उंदरांचं बाळंतपण. रुमालात गुंडाळलेलं चुंबक. ते ट्रूडी सत्तर सालच्या दांडग्या डॉज गाडीवरून फिरवत होती. मागच्या चाकाच्या वर ते चिकटेना. “इथे पत्रा नाही, गंजावर पुट्टी भरलीय.” “मीच भरली. वाईट भरली,” म्हातारा मर्ल म्हणाला. “रुमाल कशाला?” “ओरखडे उठतात नाहीतर.” “रंग उरलाय कुठे?” “उरलाय तेवढा जपायचा.” मर्लने खिशातली किल्ली चाचपली. “बोल आकडा, पोरी.” पुट्टीवर बोट ठेवून सात हजारांपासून सुरू कर, असं ट्रूडीला भावाने बजावलं होतं. ती सरळ म्हणाली, “नऊ हजार डॉलर. एवढेच आहेत. परत रस्त्यावर पळवायचीय हिला.” “कालच्या गिऱ्हाइकाने चौदा हजार सांगितले. इंजिन काढून बाकी भंगारात घालणार म्हणे.” ट्रूडीने रुमाल सोडून चुंबक खिशात टाकलं. मर्लने किल्ली तिच्या हातातल्या रुमालावर ठेवली. “टायर मात्र तुझे तू आण.” गाडीच्या दारावर कालच्या गिऱ्हाइकाच्या चुंबकाचा ओरखडा होता.