भुऱ्याचा पाय

कंपनीतली बारा तासांची ड्युटी संपवून समाधान अथाल गावातल्या आपल्या चाळीत परतला, तेव्हा नाल्याच्या चिखलाने माखलेला त्यांचा कुत्रा भुऱ्या दारात पडलेला दिसला. मागचा पाय फाटला होता, तोंड सुजलं होतं.

"कुत्री चाटून बरी करतात जखम. उद्या पाहू," समाधान म्हणाला. थकव्याने त्याला स्वतःलाच उभं राहवत नव्हतं.

त्याच्या बायकोने, जयाने, भाकरीचा तुकडा पुढे धरून हाका मारल्या. कुत्रा तिच्याकडे नुसता पाहत राहिला.

"अहो, मलाही ओळखत नाही हा! डोक्याला मार लागलाय. आत्ताच न्यावं लागेल."

पोत्यात गुंडाळून दोघं त्याला बाइकवरून सिल्वासाला घेऊन गेले. डॉक्टरांनी टाके घातले, सलाईन लावलं. "रक्त बरंच गेलंय. उद्यावर टाकलं असतं तर वाचला नसता," ते म्हणाले.

घरी परतले, तर दारात भुऱ्या शेपटी हलवत उभा! जया एकदा त्याच्याकडे, एकदा पोत्यातल्या कुत्र्याकडे पाहत राहिली.

"अहो, मग हा कोणाचा?"


"कोणाचा का असेना," समाधान म्हणाला, "आधी दार उघड. याला उचलून हात भरून आलेत."