सगळ्यात छोटा मावळा

"पोर रडतंय तोवर ठीक गं, गप्प झालं की उठून बघायचं," असं सासूबाईंनी दक्षताला बाळंतपणातच सांगितलं होतं. तेव्हा ती हसली होती. "आई, गप्प झालं म्हणजे झोपलं. मग मीपण झोपते."

माहुली किल्ल्याच्या चढावर तिला ते आठवलं, कारण कान्हा गप्प झाला होता.

कान्हा दहा महिन्यांचा. बापाच्या, ऋतुराजच्या, पाठीवरच्या कॅरियरमध्ये बसवलेला. डोक्याला घट्ट भगवा फेटा, कपाळावर चंद्रकोर. फेटा दिसावा म्हणून कॅरियरचं छत काढून खालीच ठेवलेलं. पायथ्याशी त्याची आई, शिवानी, फोनपुढे म्हणाली होती, "हा आमचा सगळ्यात छोटा मावळा!" आणि कोपरीहून आलेल्या अख्ख्या ग्रुपने घोषणा दिल्या होत्या. मग जंगलातल्या सबंध चढावर पोर रडत होतं. मधल्या सपाटीवर ते थांबलं, मान एका बाजूला कलली. तिथे रेंज होती. शिवानीने तेवढंच शूट करून तिच्या आणि ऋतुराजच्या पेजवर टाकलं. खाली लिहिलं, 'सह्याद्रीनं झोपवलं.'

रडणं थांबलं तेव्हा दक्षतालाही सुटल्यासारखं वाटलं होतं. स्वतःच्या लेकीला टिटवाळ्याला आईकडे ठेवून ती दीड वर्षाने अशी बाहेर पडली होती.

आता झाडी संपून उघडा कडा लागला होता. ऑक्टोबरचं ऊन. रांगेत ऋतुराजच्या मागे तीच होती, म्हणून ते कॅरियर सारखं नाकासमोर. नासलेल्या दुधाचा आंबट वास. पोराच्या हनुवटीवरून ओघळून कापडावर वाळलेली उलटी, त्यावर माश्या. त्यातली एक उडून त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात बसली.

ओठ हलला नाही.

ऋतुराज चालता चालता खांद्यावरची नळी तोंडात धरून पाणी ओढत होता. पाण्याची पिशवी त्याच कॅरियरच्या कप्प्यात, पोराच्या गुडघ्यांना टेकलेली. प्रत्येक घोटाला ती गुळगुळ वाजायची.

"ऋतुराज, थांब जरा. कान्हाला उतरव."

"अगं, आत्ता कुठे झोपलाय! तू पण ना, पोरगी घरी ठेवलीस आणि टेन्शन सोबत आणलंस."

पुढचे दोघंतिघं हसले. वरच्या वळणावरून शिवानी ओरडली, "असू दे गं, बाबाजवळच आहे ना तो!"

ग्रुप नेणारा बंटी कड्यावरच्या लोखंडी शिडीपाशी उभा होता. "वर टेकलो की उतरवू, वहिनी. इथे ट्रॅफिक नका करू, मागून दुसरे येतायत."

दक्षताने हात पुढे करून पोराचा तळपाय धरला. भाजत होता. आणि कोरडा, घामाचा थेंब नाही. तिने बोट दाबलं, चिमटा काढला. पाय तिच्या हातात चिंधीसारखा पडून राहिला.

मग ती काही विचारत बसली नाही. तिने कॅरियर मागूनच धरून खाली खेचलं. ऋतुराज धपकन बसला. "येडी झालीस का?"

बकल निघाली. फेटा निघाला. कपाळभर त्याचा लाल वळ होता, चंद्रकोर वाळून तडकली होती. डोळे अर्धे उघडे, खोल गेलेले. शिवानी धावत खाली आली, पोराकडे पाहिलं आणि त्याला हाका मारायला लागली.

"नळी दे इकडे," दक्षता ऋतुराजला म्हणाली. खडकाच्या सावलीत तिने नॅपकिन भिजवला, डोकं, मान, काखा पुसत राहिली, पुन्हा भिजवला. भिजलेलं बोट ओठांवरून फिरवलं. सगळे घोळका करून उभे.

"ए, तुझ्या हाताला उलटी लागलीय," कुणीतरी म्हणालं.

बंटीने घड्याळ पाहिलं. "म्हणजे टॉप कॅन्सल?"

दक्षताने वर न बघता नॅपकिन पुन्हा भिजवला.

बऱ्याच वेळाने कान्हाच्या गळ्यातून मांजरीच्या पिलासारखा आवाज निघाला. मग थोडा मोठा. मग तो खरंच रडायला लागला. दक्षताने डोळे मिटून ते रडणं ऐकलं.

"बघ," ऋतुराज म्हणाला, "उठवलंस ना त्याला!"

खाली गावातल्या दवाखान्यात कान्हाला सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, वर नेलं असतंत तर काही खरं नव्हतं. शिवानी त्याचं पाऊल मुठीत धरून बसली होती. तिथे रेंज आली आणि ऋतुराजचा फोन वाजायला लागला, थांबेचना. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, हसू आवरलं. फोन मात्र खिशात ठेवला नाही.

दक्षताने आपल्या फोनवर तो व्हिडिओ उघडला. लोंबणारी मान, भगवा फेटा, खाली बदामच बदाम. 'किती शांत बाळ आहे.' 'असे संस्कार हवेत.'

तिच्या नखांना अजून आंबट वास येत होता. त्याच बोटांनी तिने खाली लिहिलं :

'हा झोपलेला नव्हता. असं पोर पाठीवर घेऊन कुणी तुमच्यापुढे चालत असेल, तर त्याच्या पायाला हात लावून बघा. ज्याच्या पाठीवर आहे, त्याला ते दिसत नाही.'