घरमालक

व्हीलचेअर दारात अडकली. पुढची लहान चाकं आत आली, मागची मोठी दोन्ही बाजूंनी चौकटीला घासली आणि थांबली. आत प्रार्थनेला जमलेल्या मंडळींनी माना वळवल्या.

घर सुताराचं होतं आणि खुर्चीत त्याची थोरली बहीण होती. एवढ्या मोठ्या आजारानंतर ताई आज पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. ते दार सुताराने जन्मभर दुसऱ्यांची दारं करून झाल्यावर स्वतःसाठी केलेलं. त्याला कुणी उगाच हात लावला तरी याच्या कपाळाला आठ्या पडत. दाराकडे बघतो त्याच्या निम्म्या प्रेमाने हा माणूस आपल्याकडे बघत नाही, असं त्याची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

आत्ताही त्याची नजर आधी पॉलिशवर उमटलेल्या ओरखड्याकडे गेली आणि मग ताईकडे. ताईने ते पाहिलं.

"मागे घ्या हो मला," ती खुर्ची ढकलणाऱ्या नवऱ्याला म्हणाली. "मी बाहेरच बसते. इथूनही ऐकू येतं."

मंडळींपैकी चौघे पुढे झाले, उचलून आत नेतो म्हणाले. ती नको म्हणाली. पोत्यासारखं उचलून घ्यायची हौस दवाखान्यात पुरेपूर फिटली होती तिची. सुताराने दार बिजागऱ्यांवरून उतरवून पाहिलं, तरी चौकट बोटभर कमीच पडत होती. शेवटी खुर्ची अंगणात लावली. ताईने मांडीवरची शाल घट्ट ओढून घेतली, आणि पुढच्या वेळी ही काही येत नाही, हे सुताराला तेवढ्यावरून कळलं. त्याला फार वाईट वाटलं.

आज काय वाचायचं, असं चर्चच्या पाळकांनी विचारलं. उत्तर अंगणातून आलं.

"ते छप्पर उघडल्याचं वाचा."

दोघे-तिघे हसले. पाळकही गालातल्या गालात हसले आणि बायबल उघडून वाचू लागले. घर माणसांनी खच्चून भरलेलं, दाराशीही पाय ठेवायला जागा नाही. म्हणून चार जण आपल्या लुळ्या मित्राला घेऊन छपरावर चढतात, छप्पर उकरतात आणि त्याला अंथरुणासकट प्रभू येशूच्या पुढ्यात उतरवतात.

ही गोष्ट सुताराला ताईनेच शिकवली होती, रविवारच्या शाळेत, खोक्याचं घर आणि सुतळीचे दोर करून. तेव्हापासून ती ऐकताना तो नेहमी वर असायचा, छपरावर, दोर धरून. त्या चौघांत आपण पाचवे, असंच त्याने धरलं होतं.

आज मात्र तो खाली होता आणि डोक्यावर माती पडत होती. ते घर कुणाचं तरी होतं की. कुणीतरी हौसेने वासे तासून बसवले असतील, पावसाआधी वर चढून माती चोपली असेल. इतक्या वर्षांत या माणसाची त्याला एकदाही आठवण झाली नव्हती. सुताराला त्याची मनापासून कीव आली. काय म्हणाला असेल बिचारा? तो कान देऊन ऐकू लागला. लुळा माणूस बरा होऊन उठला, अंथरूण उचलून चालू लागला, लोक थक्क झाले, पाळकांनी पुस्तक मिटलं. घरमालक एका शब्दानेही तक्रार करतो असं कुठेच आलं नाही.

सुतार उठला आणि आतून करवत आणि पटाशी घेऊन आला.

"अहो, उद्या रडत बसाल हं," बायको म्हणाली.

कमरेच्या उंचीपासून खाली, चौकटीची एका बाजूची कड त्याने कापायला घेतली. पहिला हात फिरवताना त्याचा जीव वरखाली झाला, दुसऱ्याला तेवढा नाही. भुसा पाळकांच्या बुटांवर पडत होता. ते जागचे हलले नाहीत.

मग ताई आत आली. चाकं कुठेही घासली नाहीत. जागा तिने थेट पुढची घेतली, आणि गाणं सुरू झालं तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता. सुताराला तो आवाज पुन्हा आपल्या घरात ऐकून इतकं बरं वाटलं की ओरखड्याचं तो विसरूनच गेला.

निघताना तिने दारात खुर्ची थांबवली आणि कापलेल्या खडबडीत लाकडावरून बोट फिरवलं.

"त्या घरमालकाने छप्पर नंतर नीट केलं असेल का रे?"

सुतार शर्टावरचा भुसा झटकत होता.

"केलं असेल की," तो म्हणाला. "पण या वेळी बिजागऱ्या लावून."